निकोनॉसमध्ये पुन्हा पुन्हा पाणी शिरतंय? ओ-रिंग बदलण्याआधी पाण्याची वाट शोधा

तक्रार साधारण अशी असते. निकोनॉस-५, म्हणजे निकॉनचा पाण्यातही चालणारा फिल्म कॅमेरा, त्यावर ३५ मिमी लेन्स. सर्फिंगचे फोटो काढायला छातीभर पाण्यात नेला. पहिला रोल छान आला, दुसऱ्याच्या कडेला डाग आले, तिसऱ्याच्या वेळी लेन्सच्या मागे थेंब दिसले. मागच्या झाकणाची ओ-रिंग, म्हणजे जोडातून पाणी अडवणारी रबरी कडी, बदलली, वर भरपूर ग्रीस लावलं, तरी पुन्हा तेच. मग आणखी एक रिंग, आणखी ग्रीस, आणि शेवटी 'गळका आहे' म्हणून कॅमेरा कपाटात.

रिंग बदलूनही गळती थांबत नाही, कारण बहुतेक वेळा बदललेली रिंग दोषी नसतेच. मागचं झाकण समोर दिसतं आणि त्याची रिंग सहज निघते, म्हणून तीच बदलली जाते. प्रत्यक्षात या कॅमेऱ्यात पाणी जायच्या वाटा बऱ्याच आहेत: मागचं झाकण, लेन्सचा माउंट, बॅटरीचं झाकण, फ्लॅशच्या सॉकेटचं बूच, अॅडव्हान्स लिव्हर, शटर बटण, शटर स्पीडची डायल आणि रिवाइंड नॉब यांचे शाफ्ट, लेन्सच्या दोन्ही बाजूंचे नॉब. याशिवाय एक वाट आपल्याच हातात असते, रोल बदलायला झाकण उघडतो ती. सर्फमध्ये वापरलेल्या कॅमेऱ्यात ही शेवटची वाट सगळ्यात जास्त नडते.

खोल पाण्यात गळत नाही, लाटेत गळतो

हे ऐकायला उलटं वाटतं, पण यामागे साधं कारण आहे. निकोनॉस ५० मीटर खोलीसाठी बनवलेला आहे. त्याचा पूर्वज कॅलिप्सो १९६० साली फ्रान्समध्ये आला, समुद्रसंशोधक जाक-ईव्ह कुस्तो यांच्या डायव्हरांच्या गरजेतून. पुढे निकॉनने तो हाती घेतला, १९६३ पासून निकोनॉस या नावाने विकला आणि १९८४ मध्ये निकोनॉस-५ आणला. हे सगळे कॅमेरे डायव्हिंगसाठी घडले. पाण्यात दर दहा मीटरला साधारण एक वातावरणाचा दाब वाढतो. हा दाब ओ-रिंगला तिच्या खाचेच्या भिंतीवर ढकलतो आणि ती अधिक घट्ट बसते. वीस मीटरवर रिंगला पाणीच मदत करतं.

सर्फमध्ये कॅमेरा पृष्ठभागापासून जेमतेम हातभर खाली असतो. तिथे रिंगला दाबणारं कोणी नाही, फक्त तिची स्वतःची लवचिकता. त्यात फुटणारी लाट एका बाजूने थप्पड मारते, क्षणात दाब येतो आणि जातो. किनाऱ्याजवळच्या पाण्यात वाळू तरंगत असते. रिंगवर एखादा केस किंवा वाळूचा कण अडकला असेल, तर पृष्ठभागाजवळ तिथून पाणी झिरपतं. म्हणून 'मालवणला डायव्हिंगला नेला होता, थेंबही आला नाही' हा पुरावा सर्फसाठी चालत नाही. लाटांत नेणाऱ्याची रिंग डायव्हरच्या रिंगपेक्षा जास्त स्वच्छ हवी.

आधी ठरवा: ही गळती आहे की दव?

आत दिसलेला प्रत्येक थेंब समुद्राचा नसतो. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या पाण्याचे थेंब होऊ लागतात ते, २७ अंशांच्या आसपास असतो. गोव्यात आश्वे-मांद्र्याच्या किनाऱ्यावर किंवा कर्नाटकात मुल्कीला अशाच हवेत रोल भरून झाकण लावलं, आणि मग कॅमेरा त्याहून थोड्या गार पाण्यात गेला, की आतल्या हवेतलं पाणी लेन्सच्या मागच्या काचेवर जमतं. घामेजलेल्या हातांनी आणि श्वासाने त्यात भर पडते.

ओळखायची युक्ती सोपी आहे. लेन्समागचा थेंब बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावा. खारट लागला तर गळती, गोडा लागला तर दव. बॅटरीच्या खोबणीतला थेंब मात्र चाखू नका. फुटलेल्या सेलचं अल्कलाइन द्रावण तोंडात जायला नको.

दव असेल तर रिंगांना हात लावू नका. एसी खोलीत रोल भरा. २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू १३ अंशांजवळ असतो, म्हणजे आपल्याकडच्या समुद्रात ती हवा कधीच दव सोडणार नाही. रोल भरण्याआधी कॅमेरा झाकण उघडं ठेवून त्याच खोलीत अर्धा तास राहू द्या. बाहेर आणल्यावर वरून धुकट होईल, ते पुसून टाका. आत सिलिका जेलची पुडी कोंबायची कल्पना अनेकांना सुचते, पण निकोनॉसमध्ये तेवढी जागा नाही. पुडी फिल्मला घासते आणि तिचे कण रिंगवर येतात.

दव आणि गळती यांच्या मधला एक प्रकारही आहे. कॅमेरा गाडीत किंवा उन्हात तापला आणि सरळ पाण्यात गेला. ४५ अंशांची आतली हवा २८ वर आली की दाब सुमारे पाच टक्क्यांनी उतरतो. हा फरक अर्धा मीटर पाण्याच्या वजनाइतका भरतो. रिंग स्वच्छ असेल तर काही बिघडत नाही, पण तिच्यावर केस असेल तर कॅमेरा पाणी ओढून घेतो. पाण्यात जाईपर्यंत कॅमेरा ओल्या कापडात, सावलीत ठेवा.

रोल काय सांगतो ते वाचा

डेव्हलप केलेला रोल फेकू नका, त्यावर पाण्याची वाट छापलेली असते. आधी डाग पाण्याचा आहे याची खात्री करा. निगेटिव्ह दिव्याखाली तिरकी धरली की पाण्याच्या डागाची कड स्पष्ट दिसते आणि इमल्शनचा (फिल्मवरच्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या थराचा) पृष्ठभाग तिथे बदललेला असतो. उजेड शिरल्याचा डाग कडेला विरत जातो आणि पृष्ठभाग गुळगुळीतच राहतो.

मग डाग कुठे आहेत ते बघा. निकोनॉस-५ मध्ये कॅसेट डावीकडे, रिवाइंड नॉबखाली असते आणि फोटो काढलेली फिल्म उजवीकडच्या स्पूलवर गुंडाळली जाते.

फक्त एक-दोन फ्रेमवर डाग आणि बाकी रोल स्वच्छ: ती फ्रेम शटरसमोर उघडी असताना पाणी आलं. लेन्सच्या माउंटवर संशय घ्या.

ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारा डाग: पाणी उजवीकडच्या स्पूलवर साचलं आणि गुंडाळ्यांमधून मुरलं. दोन डागांमधलं अंतर स्पूलच्या घेराएवढं असतं आणि गुंडाळी जाड होत जाते तसं किंचित वाढतं. अशा वेळी अॅडव्हान्स लिव्हर, शटर बटण किंवा मागच्या झाकणाची उजवी कड.

रोलच्या अखेरच्या फ्रेमवर, फिल्मच्या एकाच कडेला डाग: पाणी कॅसेटच्या खोबणीत होतं. तिथून ते फिल्मबरोबर कॅसेटच्या मखमल लावलेल्या फटीतून आत-बाहेर होतं. रिवाइंड नॉबचा शाफ्ट किंवा झाकणाची डावी कड.

फक्त सुरुवातीच्या दोन-तीन फ्रेमवर डाग आणि पुढे काही नाही: ही गळती नव्हेच. मागचा रोल काढताना थेंब आत पडले आणि नव्या रोलच्या टोकाला लागले. 'रिंग बदलली तरी तेच' म्हणणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

फिल्म पूर्ण कोरडी, पण व्ह्यूफाइंडरमधले मीटरचे दिवे लागत नाहीत: बॅटरीचं झाकण. तळाचं झाकण उघडून संपर्कांवर हिरवट थर आहे का बघा.

उघडताना शिरणारं पाणी

मागच्या झाकणाची फट, लेन्स आणि बॉडीमधली फट, नॉबच्या खालची जागा, या सगळीकडे रिंगच्या बाहेर पाणी साठलेलं असतं. कॅमेरा वरून कोरडा दिसतो. झाकण उघडलं की ते पाणी आतल्या बाजूला घरंगळतं.

समुद्रातून आल्यावर कॅमेरा बंद अवस्थेतच गोड्या पाण्याच्या बादलीत किमान अर्धा तास बुडवून ठेवा. नळाखाली धरून उपयोग नाही, खाचांमधलं मीठ त्याने निघत नाही. दाबाच्या पाइपने फवारा तर मारूच नका, तो फवारा रिंगच्या फटीतून आत जाऊ शकतो. बादलीत असताना शटर स्पीडची डायल फिरवा, लेन्सचे दोन्ही नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवा, म्हणजे शाफ्टभोवतीचं खारं पाणी निघून जातं. रोल संपलेला असेल तर अॅडव्हान्स लिव्हर आणि शटरही चालवा.

मग बाहेर काढून झटका आणि मायक्रोफायबरच्या फडक्याने टिपा. घरातला जुना पंचा नको. त्याचे सुती तंतू नेमके रिंगवर जाऊन बसतात. पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवा. उघडताना मागचं झाकण जमिनीकडे तोंड करून धरा, म्हणजे फटीतला थेंब आत न जाता खाली पडेल. झाकण थोडंसं उघडल्याबरोबर कडेचं पाणी टिपा, मग पूर्ण उघडा. लेन्स काढतानाही तसंच, लेन्सचं तोंड खाली. रिंगच्या बाहेर अडकलेलं चमचाभर पाणी पाहिलं की रोल कुठे भिजत होते ते कळतं.

किनाऱ्यावर रोल बदलायचाच असेल तर आधी हात गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवा, कोरडे करा. केसांतून ठिबकणारं पाणी विसरू नका, डोक्याला टॉवेल गुंडाळा. सर्फबोर्डवर कॅमेरा ठेवून रोल बदलण्याची सवय मोडा. बोर्डला लावतात ते मेण पॅराफिनचं किंवा मधमाश्यांचं असतं, उन्हात मऊ होतं आणि बोटांवरून रिंगवर जातं. रिंगवर मेणाचा थर बसला की वाळू त्याला चिकटून राहते आणि साध्या पुसण्याने निघत नाही. सनस्क्रीनचंही तेच.

स्वतः बोर्ड बनवणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. शेपिंगच्या, म्हणजे बोर्डला आकार देण्याच्या, शेडमध्ये कॅमेरा उघडू नका. फायबरग्लासच्या कापडाचा तंतू केसाहून बारीक असतो, रिंगवर आडवा पडला तरी सरळ उजेडात दिसत नाही. फोमची घासणीची पूड स्थिर विजेमुळे रबराला चिकटते. शेडमध्ये घातलेल्या कपड्यांवरही हे सगळं असतं, तेव्हा कपडे बदलून दुसऱ्या खोलीत बसा.

बादलीतली चाचणी

फिल्म न भरता दोन चाचण्या करा, याच क्रमाने.

पहिली बुडबुड्यांची. कॅमेरा एसी खोलीत २२-२४ अंशांवर तासभर उघडा ठेवून तिथेच बंद करा. बादलीत ३८ ते ४० अंशांचं कोमट पाणी घ्या, त्याहून गरम नको. कॅमेरा बुडवला की आतली हवा तापून फुगते, दाब पाच-सहा टक्क्यांनी वाढतो आणि जिथे फट असेल तिथून हवा बाहेर पडते. हवा बाहेर येत असेपर्यंत पाणी आत जात नाही, म्हणून ही चाचणी आधी. सुरुवातीला नॉबखाली अडकलेल्या हवेचे चार-सहा बुडबुडे येतीलच, कॅमेरा हलवून ते घालवा. त्यानंतर एकाच जागेवरून बारीक बुडबुड्यांची रांग येत राहिली, तर ती जागा लक्षात ठेवा आणि तीच बाजू वर ठेवून कॅमेरा लगेच बाहेर काढा. पाच मिनिटं पुरतात. जास्त ठेवलं तर हवा पुन्हा थंडावताना पाणी ओढलं जाईल.

दुसरी कागदाची. टिश्यू पेपरच्या एक सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा. प्रत्येकीवर पेन्सिलने क्रमांक लिहा आणि धुतली जाणारी निळी शाई पेनाने ठिपक्या-ठिपक्यांनी लावून सुकवा. एक पट्टी कॅसेटच्या खोबणीत, एक उजव्या स्पूलभोवती, एक फिल्मच्या मागच्या प्रेशर प्लेटवर, एक बॉडीच्या तळाशी, आणि एक लहानसा तुकडा लेन्सच्या मागच्या कडेला, शटरच्या पात्यांना न लागेल असा. झाकण लावताना पट्टीचं टोक रिंगखाली येत नाही ना ते बघा, नाहीतर तीच वात बनून पाणी आत नेईल. आता खोलीच्याच तापमानाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा. बुडालेल्या अवस्थेत दहा-बारा वेळा लिव्हर ओढून शटर दाबा, डायल, रिवाइंड नॉब आणि लेन्सचे नॉब फिरवा. स्थिर असताना न गळणारा शाफ्ट फिरताना गळू शकतो. बाहेर काढून वर सांगितल्याप्रमाणे कोरडा करून उघडा. जिथली शाई पसरली तिथे पाणी पोचलं.

या चाचणीत पास झालेला कॅमेरा ५० मीटरला टिकेलच असं नाही, त्यासाठी दुरुस्ती करणाऱ्याकडचं दाबाचं भांडं लागतं. कंबरभर लाटांसाठी ती पुरेशी आहे.

हाताने करण्याजोगं: चार रिंगा

वापरणाऱ्याने स्वतः काढाव्यात अशा रिंगा चारच: मागचं झाकण, लेन्सचा माउंट, बॅटरीचं झाकण आणि सॉकेटचं बूच.

रिंग काढायला पिन, सुई, चाकू काही घेऊ नका. धातूने खाचेत ओरखडा पडला तर नवी रिंगही तिथून गळेल, आणि ओरखडा दुरुस्त होत नाही. दोन बोटांनी रिंग दोन बाजूंनी एकमेकांकडे सरकवा, मध्ये ती कमानीसारखी उचलली जाईल. तिथे जुन्या प्लॅस्टिक कार्डाचा कोपरा घालून बाहेर काढा.

रिंग अंगठा आणि तर्जनीत धरून सावकाश पूर्ण फिरवा, डोळे मिटून केलं तर आणखी बरं. कण, खाच, चपटेपणा बोटांना डोळ्यांच्या आधी कळतो. मग किंचित ताणून दिव्याखाली बघा. पृष्ठभागावर बारीक आडव्या भेगा दिसल्या तर रिंग बाद. आडवा छेद गोल हवा. वर्षानुवर्षं झाकण लावून ठेवलेल्या कॅमेऱ्यात रिंग दबून इंग्रजी डी अक्षरासारखी होते, तीही बाद. रिंग चांगली असेल तर कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा आणि हवेवर सुकवा. अल्कोहोल, थिनर, पेट्रोल लावू नका.

खाच साफ करताना कानातल्या काड्या वापरल्या की कापसाचा एक तरी तंतू मागे राहतोच. कार्डाच्या कडेवर मायक्रोफायबर गुंडाळून ती खाचेतून फिरवा. कोपऱ्यांत हात हळू चालवा, वाळू तिथेच साठते. झाकणाची जी कड रिंगवर दाबते तीही पुसा. बरेच जण तिला विसरतात आणि सगळी वाळू तिथेच असते.

ग्रीस. रिंग ग्रीसमुळे पाणी अडवत नाही. ग्रीस तिला खाचेत सरकायला मदत करतं, म्हणजे ती पिळवटत नाही. मागच्या झाकणाच्या रिंगला तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं शुद्ध सिलिकॉन ग्रीस पुरे, लेन्सच्या रिंगला त्याहूनही कमी. बोटांत पसरवून रिंग त्यातून ओढा. रिंग चकाकली पाहिजे, पण पांढरे गोळे दिसता कामा नयेत. जास्त ग्रीस म्हणजे वाळूला आमंत्रण. निकॉनच्या काळ्या रिंगांना सिलिकॉन ग्रीस चालतं. बाहेरून घेतलेली रिंग जर सिलिकॉन रबराची असेल तर तेच ग्रीस तिला फुगवतं, तेव्हा रिंग कशाची आहे हे विचारूनच घ्या. व्हॅसलीन उन्हात पातळ होऊन पसरतं, ते नको. ग्रीस स्कूबा शिकवणाऱ्या केंद्रांवर किंवा डायव्हिंगचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा, टॉर्च आणि रेग्युलेटरसाठी त्यांना ते लागतंच.

हार्डवेअरच्या दुकानातली 'जवळपास त्याच मापाची' रिंग बसवण्याचा मोह टाळा. व्यास जुळला तरी जाडीत एक दशांश मिलिमीटरचा फरक पडला की एकतर झाकण लागत नाही किंवा रिंग पुरेशी दाबली जात नाही. नव्या रिंगची जाडी व्हर्निअरने जुन्याच्या न दबलेल्या भागाशी ताडून बघा.

बॅटरीचं झाकण नाण्याने फिरवतात. अडल्यावर आणखी एक पीळ देऊ नका, रिंग चिरडते. आत एलआर४४ किंवा एसआर४४ च्या दोन गोळ्या, नाहीतर ३ व्होल्टचा एक सीआर-१/३एन सेल. हंगाम संपला की सेल काढून ठेवा. फ्लॅशचं बूच सर्फवाले कधीच उघडत नाहीत, म्हणून ते गंजून जाम झालेलं आणि त्याची रिंग वाळलेली सापडते. वर्षातून दोनदा तरी उघडून साफ करा. जोर लावूनही फिरत नसेल तर पक्कड लावू नका. अर्धवट तुटलेलं बूच जाम बुचापेक्षा वाईट.

हाताने न करण्याजोगं: शाफ्ट

लिव्हर, शटर बटण, डायल, रिवाइंड नॉब आणि लेन्सचे नॉब यांच्या शाफ्टवरच्या रिंगा आतून बसवलेल्या आहेत. निकोनॉसचं उत्पादन २००१ मध्ये थांबलं. म्हणजे सगळ्यात नव्या कॅमेऱ्यातल्या या रिंगाही दोन दशकांहून जुन्या आहेत, जर मध्ये कोणी बदलल्या नसतील तर.

त्या थकल्याची चिन्हं आधीच दिसतात. शटर बटण दाबल्यावर सावकाश वर येतं किंवा खालीच अडकतं. लिव्हर ओढताना किरकिर लागते. लेन्सचा नॉब एका टप्प्यावर जड होतो. पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला धुकं दिसतं पण लेन्सची मागची काच स्वच्छ असते, म्हणजे पाणी लेन्सच्या नॉबमधून लेन्सच्याच पोटात गेलं आहे. यापैकी काहीही दिसलं की कॅमेरा पाण्यात नेऊ नका.

बाहेरून डब्ल्यूडी-४० किंवा सिलिकॉन स्प्रे मारून बटण मोकळं होतं खरं, पण त्यातलं द्रावण शाफ्टवरचं जुनं ग्रीस धुऊन आत नेतं आणि रिंग आणखी कोरडी पडते. दुरुस्तीला देताना तीन प्रश्न विचारा: शाफ्टच्या सगळ्या रिंगा बदलणार का, लेन्सच्या नॉबच्याही बदलणार का, आणि नंतर दाबाच्या भांड्यात किती मीटरची चाचणी करणार. साध्या एसएलआरची उत्तम दुरुस्ती करणाऱ्याकडे दाबाचं भांडं नसेल तर त्याच्याकडे फक्त शटर द्या, सील नको.

निकोनॉस-२ आणि ३ मध्ये रचना वेगळी आहे. लेन्स काढल्यावर आतली संपूर्ण बॉडी बाहेरच्या कवचातून वर उचलली जाते, मागे उघडणारं झाकणच नाही. रोल भरणं कटकटीचं, पण बॉडीची रिंग व्यवस्थित दिसते आणि आत इलेक्ट्रॉनिक्स नाही. खाऱ्या पाण्याची सवय असलेले काहीजण म्हणून आजही पाचऐवजी तीन नंबर घेतात, आणि सर्फपुरतं त्यांचं बरोबर आहे.

पाणी शिरलंच तर

शूटिंग थांबवा. लेन्स खाली करून किनाऱ्यावर या. निकोनॉस-५ असेल तर सगळ्यात आधी बॅटरी काढा. सेल आत असताना खारं पाणी काही मिनिटांत सर्किटचा तांबा खायला लागतं.

रोल कॅसेटमध्ये गुंडाळून काढा आणि कॅसेट डबीत गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. वाळू देऊ नका. वाळलेल्या गुंडाळ्या एकमेकींना चिकटतात आणि उलगडताना इमल्शन सोलून निघतं. शक्य तितक्या लवकर, जमल्यास त्याच दिवशी डेव्हलप करा. ब्लॅक अँड व्हाइट असेल तर घरच्या टाकीत सोपं आहे. ओला रोल रीलवर चढत नाही, तेव्हा चेंजिंग बॅगमध्ये घाई करू नका, स्टीलचं रील असेल तर ते घ्या. रंगीत रोल लॅबला देताना भिजलेला आहे हे आधी सांगा. मशीनमध्ये घालायला बहुतेक लॅब नकार देतील, हाताने टाकीत करणारी शोधा.

कॅमेरा पूर्ण भिजला असेल तर आता तो वाळवायचा नाही, धुवायचा. गोड्या पाण्यात बुडवा, पाणी तीन-चार वेळा बदला, शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या. वाळलेलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं आणि गंज चालूच राहतो, म्हणून आधी मीठ बाहेर. मग झाकण आणि लेन्स उघडी ठेवून पंख्याखाली. हेअर ड्रायर नको. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने फक्त पीठ आत जातं. दोन-तीन दिवसांत दुरुस्तीला द्या. दोन किंवा तीन नंबर असेल तर वाचण्याची शक्यता चांगली. पाच नंबरचं सर्किट बरेचदा जातं, पण एम९० (१/९० सेकंद) आणि बी (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं) हे दोन वेग यांत्रिक आहेत आणि बॅटरीशिवाय चालतात. कडक उन्हात १०० आयएसओचा रोल आणि एफ/१६ ठेवलं तर १/९० वर एक्स्पोजर बरोबर येतं. ४०० चा रोल असेल तर एफ/२२ वरही साधारण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, जास्त होईल, निगेटिव्ह फिल्म तेवढं सहन करते. पॅडल करणारा सर्फर १/९० ला ठीक येतो, वळण घेणारा हलतो.

गळती नसलेल्या दोन तक्रारी

पाण्याबाहेर काढलेले फोटो सगळे मऊ येतात, म्हणून 'आत वाफ आहे' असं वाटत असेल तर लेन्स बघा. ३५ मिमी आणि ८० मिमी हवेतही आणि पाण्यातही चालतात. १५, २० आणि यूडब्ल्यू २८ मिमी फक्त पाण्याखालच्या कामासाठी आहेत, हवेत त्यांची प्रतिमा नीट बसत नाही. अर्धी लाट आणि अर्धं आकाश अशा फोटोत हा दोष विशेष उठून दिसतो.

फोटोच्या मध्यावर गोल धूसर ठिपका म्हणजे बाहेरच्या काचेवरचा थेंब. काचेवर थुंकी चोळा, समुद्राच्या पाण्यात एकदा बुडवा आणि फोटोच्या आधी पुसू नका. पुसलं की पाण्याचा सलग पडदा तुटून थेंब होतात. मेण किंवा कारच्या काचेची पॉलिश लावायचा सल्ला काहीजण देतात. त्याने पाणी उलट थेंबाथेंबाने जमतं.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा

विमानाने नेणार असाल तर लेन्स काढून, झाकण सैल ठेवून न्या, म्हणजे आतल्या-बाहेरच्या दाबाच्या फरकाने रिंग खाचेतून सरकणार नाही. पोचल्यावर रिंगा पुन्हा बोटांतून फिरवून बघा. पहिली बुडी बादलीत, शाईच्या पट्ट्या घालून. दुसरी समुद्रात, रोल न भरता, गुडघाभर पाण्यात दहा मिनिटं, दोन-चार लाटा अंगावर घेऊन. पट्ट्या कोरड्या निघाल्या की रोल भरा.